भरनारानं आधी बसायचं

त्या दिवशी शेडमधी सहा जनं हुती. अण्णा, अण्णांच्या मंडळी म्हंजी आमच्या काकू, कोपरगावाकडच्या शालनबाई, जिचं लगीन हुतं ती त्यांची लेक सुवर्णा, पिकअप घिऊन आलेला शालनबाईंचा भाऊ भाऊसाहेब, आन् मी. सातवं कुनी नव्हतं. कुनाला खोटं वाटलं तर ह्या पाचांतल्या कुनालाबी इचारा. अण्णांचं खरं नाव मी सांगत न्हाई, वडीलधाऱ्याचं नाव तोंडानं घ्यायची मला सवय न्हाई. गावात सगळी अण्णाच म्हनायची.

पन एकदम त्या दिवसावर गेलं तर मानूस नुस्ता हट्टी वाटंल. हट्टी तर हुतेच. पन नुस्ते हट्टी न्हाई.

संगमनेरला पुन्या-नाशकाच्या रोडपासून आत त्यांचं घर, आन् घरामागं पत्र्याची शेड. शेडवर पाटी: जुन्या खुर्च्या नव्या करून मिळतील. त्याच्या खाली बारीक अक्षरात आनखी एक ओळ. माजी शाळा दुसरीपोतर. ती खालची ओळ मला लावायला दोन वर्सं गेली. ‘घाई असणाऱ्यांनी पुढे जावे.’ वाचली आन् एकटीच हसले.

अण्णांच्या घरात पिढ्यान् पिढ्या लिहिन्याची कामं. ते बी एका हाफिसात तीस वर्सं कारकून हुते. रिटायर झाल्यावर मानूस देवळात जातो, फिरायला जातो. ह्यांनी भंगारवाल्याकडून मोडक्या खुर्च्या आनायला सुरवात केली. शाळंतल्या, दवाखान्यातल्या, कुनाच्या माळ्यावरच्या. घासायच्या, रंगवायच्या, नवी गादी करून द्यायची. मंग लोकच आपल्या खुर्च्या घिऊन यायला लागली.

आन् गंमत म्हंजी हा मानूस सोता कवाच खुर्चीवर बसायचा न्हाई. रंगाचा रिकामा डबा पालथा घालायचा आन् त्याच्यावर बसायचं. एकदा मी इचारलं, “अण्णा, तुमी का वं बसत न्हाई?”

“तीस वर्षं बसलो एकाच खुर्चीवर,” म्हनाले. “माझा वाटा संपला.”

मी मूळची पाथर्डीकडची. मालक गेले तवा थोरली सात वर्सांची हुती आन् धाकटा पोटात. कोयता घेतला आन् कारखान्याच्या टोळीबरुबर ऊस तोडायला निघाले. चौदा हंगाम केले. एका दिशी मोळी उचलताना कंबरंत काय तरी तुटल्यावानी झालं. तवापासून मोळी बंद. टोळी फुडं गेली, मी संगमनेरात ऱ्हायले. लोकांच्या गोधड्या शिवायची. झाडाखाली गोधडी पसरायची आन् टाके घालीत बसायचं.

एक दिवस वाटंनं जाता जाता अण्णा थांबले. चपला काढल्या, गुडघ्यावर बसले आन् माज्या गोधडीवर तळवा फिरवायला लागले. ह्या कडंपासून त्या कडंपोतर. मला वाटलं, मानसाचं काय तरी बिघडलंय.

“यात एकही वळी नाही,” म्हनाले.

“का असावी?”

“खुर्चीची गादी भराल का?”

“खुर्चीला गोधडी घालत्यात व्हय?” मी म्हनले.

ते हसले न्हाईत. इचार करून म्हनाले, “एका अर्थी हो.”

तशी मी त्यांच्या शेडमधी आले. आधी खुर्ची पालथी करायची. जुनं कापड सोडवायचं, खालचा जुना काथ्या काढायचा. हितं अण्णांचा दुसरा खेळ सुरू व्हायचा. ते तो काथ्या नाकाला लावून हुंगायचे. डोळं मिटून. “या घरात सुपारी खातात.” न्हायतर, “इथं लहान मूल वाढलंय.” खुर्चीचा हात बगायचे, कुठं झिजलाय, किती झिजलाय. “हा गृहस्थ उजव्या हाताने काळजी करायचा.” मला पयल्यांदा हे सगळं थोतांड वाटलं. मंग गिऱ्हाईक आलं की मी हळूच इचारायची. तुमच्यात सुपारी कोन खातं? लोकं दचकायची. धातल्या आठ येळा अण्णांचं बरुबर निगायचं. मला तवापासून नाद लागला. अजून लागल्याला हाय. कुनाच्या घरी गेले की आधी मी खुर्चीचा हात बगते.

गादीच्या पोटात काय काय सापडायचं! टाचन्या, टिकल्या, कानातली फिरकी, शाळंचा पास, वाळल्याली मोसंबीची फाक. अण्णा सगळं एका बिस्किटाच्या डब्यात ठिवायचे आन् खुर्चीबरुबर माघारी द्यायचे. एकदा एका सोफ्यातनं दातांची कवळी निगाली. वरची. मला शिसारी आली. अण्णांनी धुतली, फडक्यात बांधली आन् मला म्हनाले, “चला, पोचवून येऊ.”

त्या घरी म्हातारी दारातच गहू निवडीत बसली हुती. अण्णांनी फडकं फुडं केलं. ती बगत ऱ्हायली. म्हातारा जाऊन आठ वर्सं झाल्ती म्हनं.

“मेल्यानं मरस्तोवर मला बोल लावला,” म्हातारी म्हनली. “तूच फेकली, तूच फेकली. आन् सोताच्याच बुडाखाली ठिवून बसला हुता!” असं म्हनली आन् हसायला लागली. मंग हसता हसता पदर डोळ्याला. कवळी काय तिनं माघारी दिली न्हाई.

रंगाचं तर इचारूच नका. सागाला रंग लावायचा न्हाई, हा त्यांचा कायदा. आंबा, बाभूळ, खोक्याचं लाकूड, काय बी रंगवा, सागाला नुस्तं पालिश. “सागाला रंग म्हणजे झोपलेल्या माणसाच्या तोंडावर उशी,” असं म्हनायचे. एक डाक्टर बाभळीच्या खुर्च्या घिऊन आले, म्हनले कॉफी कलर करा. अण्णा म्हनाले, “कॉफी प्यायची असते.” डाक्टर चिडले आन् निगून गेले. चार दिसांनी परत आले. अण्णांनी मला कुनाच्या तरी मळ्यात डाळिंबाचं फूल आनायला धाडलं, ते म्होरं ठिवून रंग कालवला, दुपार घालवली त्याच्यात. त्या खुर्च्या डाक्टरांनी आत घरात न्हेल्या, दवाखान्यात ठिवल्याच न्हाईत.

पन ह्या सगळ्यावर त्यांचा एक कायदा हुता. भरनारानं आधी बसायचं.

गादी भरली, कापड चढवलं, बारके खिळे मारले, की जिनं भरली तिनंच त्या खुर्चीवर बसायचं. किती येळ? एक कप चहा संपेस्तोवर. काकू चहा आनून द्यायच्या. बसून प्यायचा आन् मंग सांगायचं, कुठं टोचतंय, कुठं पोकळ हाय. गिऱ्हाइकाच्या आधी आपल्याला कळलं पायजे.

मला खुर्ची म्हाईतच नव्हती. सासरी एक हुती, ती सासऱ्याची. ते गेल्यावर दिराची. बाईमानूस जिमिनीवर. सरकारी दवाखान्यात सुदिक मी बाकाला टेकून खाली बसायची. पयल्या दिशी अण्णा म्हनाले बसा, तर मी कडंला टेकले. ते डब्यावरनं बगत ऱ्हायले.

“अर्ध्याच बसलात.”

“बरी हाय की गादी.”

“अर्धीच तपासली. उरलेली अर्धी कोण तपासणार?”

मंग मागं सरकले. पाय अधांतरी. चहा सांडला लुगड्यावर. काकू दारात हुभ्या ऱ्हाऊन तोंडाला पदर लावून हसत हुत्या. पन महिन्या दोन महिन्यांत मला सवय लागली. ही मोडल्याली कंबर हाय ना माजी, तिला सगळं कळायचं. स्प्रिंग एक बोटभर वर असली तरी कळायचं. “अण्णा, डाव्या अंगाला पोकळ हाय,” म्हनले की ते काय बी न बोलता कापड सोडवायचे. परत भरायचं.

माज्या आधी एक मानूस हुता कामाला, चांगला कारागीर. तो न बसताच बसलो म्हनला, आन् अण्णांना कळलं. त्याच दिशी घरी धाडला त्याला. “कामात चूक चालेल, यात खोटं चालणार नाही,” येवढंच बोलले म्हनं. काकूंनी मला हे पयल्याच दिशी सांगून ठिवलं हुतं. काकूंचं मन मोठं. म्या ध्यानात ठिवलं. कारन हे काम गेलं तर मला दुसरं न्हाई, ही कंबर घिऊन मी कुठं जानार?

तर शालनबाई. मोठ्या बागायतदाराघरच्या. त्यांच्या सासऱ्यांच्या वक्ताच्या दोन सागाच्या खुर्च्या, वाकड्या हातांच्या. रेक्झिन फाटलेलं. लेकीचं म्हननं, लग्नात स्टेजवर भाड्याच्या राजा-राणीच्या खुर्च्या नकोत, आजोबांच्याच पायजेत. आन् रंगवून पायजेत.

“सागाला रंग नाही,” अण्णा म्हनाले.

“अहो, आजोबांनीच लावला होता,” सुवर्णा म्हनली. “निळा. मी लहान असताना.”

“शक्य नाही.”

“खरवडून बघा की.”

अण्णांनी चष्मा चढवला, खुर्ची पालथी केली आन् पायाच्या आतल्या अंगाला पालिश खरवडलं. खालनं निळा निगाला. अळशीच्या फुलासारखा. अण्णा लई येळ त्या निळ्याकडं बगत ऱ्हायले. मंग पोरीला म्हनाले, “तुझे आजोबा भेटायला हवे होते.” आन् रंगवायला तयार झाले. उभ्या जन्मात पयल्यांदा साग रंगवला त्यांनी. रोज नवा निळा कालवायचे, त्या खरवडल्याल्या जागंशी लावून बगायचे, पुसून टाकायचे. आठ दिवस. माज्याकडं गाद्या हुत्या. पट्टे ताणले, स्प्रिंगा सुतळीनं बांधल्या, गोनपाट, काथ्या, कापूस, वरनं पिवळं जाड कापड. लगीन म्हनून जास्तीच मन लावून भरल्या.

दोन्ही खुर्च्या तयार झाल्या. काकूंनी चहा आनून दिला. अण्णा रंगाचे हात धुवायला नळावर गेल्ते.

मी चहा घिऊन खुर्चीम्होरं हुभी ऱ्हायले. हळदीच्या रंगाचं कापड. हितं नवरी बसनार, तिथं नवरा. माज्या कपाळाकडं मला बगायची गरज नव्हती. गावाकडं असल्या कार्यात मी सोताहूनच मागं ऱ्हायची, कुनी मागं हो म्हनायच्या आधी. मी खाली बसले, भिंतीला टेकून, आन् चहा प्याले.

अण्णा आले. “काय, बरी आहे?”

“बरी हाय.”

“बसलात?”

“बसले.”

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, निभावलं.

मंग तो दिवस. लगीन परवावर. सकाळी भाऊसाहेबानं पिकअप मागं घिऊन शेडला लावली. शालनबाई उतरल्या, सुवर्णा उतरली. निळा बगून पोरीनं तोंडावर हात ठिवला. भाऊसाहेब म्हनले, “झ्याक झालंय बगा! उचलायच्या का?”

“थांबा,” अण्णा म्हनाले. देन्याआधी गादीवर तळवा फिरवायची त्यांची सवय. एका खुर्चीवर फिरवला, मान हलवली. दुसरीवर फिरवला आन् थांबले. परत फिरवला. ही नवरीची.

“बाई, यावर तुम्ही बसला होतात?”

खोटं एकदा निगून जातं. दुसऱ्यांदा, ते बी असं सगळ्यांम्होरं, न्हाई निगत.

“न्हाई,” मी म्हनले.

काकूंनी माज्याकडं बगितलं, मंग अण्णांकडं. मला वाटलं, झालं. आता ते सांगनार, उद्यापासून येऊ नका.

पन अण्णा म्हनाले, “मग आत्ता बसा.”

“न्हाई अण्णा.”

“का?”

माज्या आधी शालनबाईंनीच सांगितलं. वाईट न्हाई बोलल्या, हळूच बोलल्या. “अण्णा, त्यांना कशाला बसवता? लग्नाच्या खुर्च्या हायेत. सवाष्णीला बसवा की. काकूंना बसवा.”

“हिला सगळ्याच खुर्च्या मऊ लागतात,” अण्णा म्हनाले. “भरणारानं बसायचं. त्याशिवाय खुर्ची बाहेर जात नाही.”

“अवं, मानूस हाय का कोन?” भाऊसाहेब म्हनले. “परवा लगीन हाय आमचं!”

“म्हणूनच.”

“आई, बसू दे ना त्यांना, त्यात काय,” सुवर्णा म्हनली.

“तू गप. तुला काय कळतंय!”

सगळी बोलत हुती, आन् मी मदी हुभी. अण्णांचा कायदा एका बाजूला, शालनबाईंची लेक दुसऱ्या बाजूला. मला कुनीच इचारंना. तवा मला त्या मानसाचा राग आला, पयल्यांदाच. मी म्हनले, “अण्णा, चार मानसांत माजी मान खाली घालाया लावू नका. कामावरनं काढायचं तर काढा. मी न्हाई बसनार.”

अण्णा डब्यावर बसले. त्यांना काय समजंना झालं हुतं, तोंडावर दिसत हुतं.

“अगं बाई, येवढं काय!” शालनबाई म्हनल्या. “मी बसते. आई हाय तिची, माज्यापरीस जास्ती कोन?” आन् बदकन् बसल्या. आन् तेवढ्याच जोरानं उठल्या. “आई गं!”

“काय झालं?” भाऊसाहेब.

“टोचलं! चांगलंच टोचलं की वं!”

सुवर्णा खो-खो हसायला लागली. “आई, मी लग्नात अशी उडाले असते तर?”

“दात काढू नको!” शालनबाई कंबर चोळीत म्हनल्या, पन त्यांना बी हसू येत हुतं.

“कुठं टोचलं?” मी इचारलं.

“हितं. न्हाई, हितं कुठं तरी. काय म्हाईत बाई.”

मी कापड सोडवलं. कुनाला इचारलं न्हाई. मदल्या स्प्रिंगंची सुतळी गाठीतनं सुटली हुती. माजीच गाठ. परत बांधली, काथ्या पसरला, कापूस घातला, खिळे मारले. भाऊसाहेब चारदा घड्याळ बगून आले. शालनबाई माज्याम्होरं बसून माजे हात बगत हुत्या. मदीच इचारलं, “मालक कवा गेले?”

“लई दिस झाले.”

“पोरं?”

“दोगं.”

“बरी हायेत?”

“हायेत.”

येवढंच.

गादी झाली. काकूंनी चहा आनला, सगळ्यांना. माजा कप खुर्चीच्या बाजूला जिमिनीवर ठिवला. अण्णा खाली बगत हुते. कुनी बसंना. शालनबाई दोनदा फुडं झाल्या आन् दोनदा मागं आल्या. मंग भिंतीकडं बगत म्हनल्या, “बसा तुमीच.”

“न्हाई,” मी म्हनले. “असू द्या.”

“अवं बसा. मला काय कळतंय त्यातलं? तुमालाच कळंल.”

मी बसले. पार मागं सरकून, अण्णांनी शिकवल्यावानी. चहा हळूहळू प्याले. शेडमधी सहा मानसं आन् पत्र्यावर एक कावळा. गादी बरी हुती. डावीकडं बरी, उजवीकडं बरी, मदी बरी. शालनबाईंनी इचारलं, “कसं लागतंय?”

“चांगली हाय,” मी म्हनले. “लेक आरामात बसंल.”

उठले. शालनबाईंनी पदरानं गादी पुसली. मी बगितलं. धूळ हुती म्हनून पुसली का माज्यापायी पुसली, ते मला आजबी म्हाईत न्हाई. मी लई येळा इचार केलाय. दोन्ही बी आसंल. पुसल्यावर त्यांनी माजा रिकामा कप उचलला आन् सोता नळावर धुवून काकूंच्या हातात दिला. ते बी मी बगितलं. मंग सुवर्णानं मला हाताला धरून सांगितलं, मावशी, लग्नाला यायचं. मी गेले न्हाई. बोलावलं, तेवढ्यानंच मला बरं वाटलं.

पिकअप गेली. काकू आत गेल्या. मी हातरुमालात माजी कात्री आन् सुई गुंडाळली, कारन आता अण्णा उद्यापासून येऊ नका म्हननार, ते म्हनू द्यावं.

“खोटं का बोललात?” अण्णांनी इचारलं.

“लग्नाची खुर्ची हुती.”

ते हातातली पालिशची चिंधी उलगडायचे, गुंडाळायचे.

“चार वर्षं तुम्ही समोर बसता,” म्हनाले. “कुणाच्या घरी सुपारी खातात ते मी काथ्यावरून सांगतो. आणि हे माझ्या डोक्यातच आलं नाही.”

मी रुमालाची गाठ आवळली.

“कात्री ठेवा जागेवर,” अण्णा म्हनाले. “उद्या मास्तरांच्या खुर्च्या आहेत.”

त्यानंतर कायदा तोच ऱ्हायला, पन लग्नाची खुर्ची आली की अण्णा पयले सांगायचे, “बाई, ही लग्नाची आहे. तुम्ही म्हणाल तसं.” कवा मी बसायची, कवा न्हाई. नाय म्हनले तर काकूंना बोलवायचे, आन् काकूंना ती मऊच लागायची, मंग मी तळव्यानं दाबून बगायची. ज्या दिशी मन व्हईल त्या दिशी बसायची. ते माज्यावर सोडलं त्यांनी. माज्या जन्मात कुनी काय माज्यावर सोडलं नव्हतं.

आता अण्णांचे हात थरथरत्यात. लेकीकडं पुन्याला गेले दोगं बी. शेड बंद हाय. मी घरीच दोन-चार गाद्या भरते, बसून बगते, देते.

हे जो कोन वाचंल त्याला माजं येवढंच सांगनं हाय. तुमच्या घरात खुर्ची कोनी घासत असंल, पुसत असंल, शिवत असंल, तर त्या बाईला त्याच खुर्चीवर एकदा बसा म्हना. ती न्हाई म्हनंल. परत म्हना.